विक्रेत्याचें मौन

न सांगणें आणि खोटें बोलणें यांत कांहीं अंतर आहे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. तथापि आमच्यापुढें तो गेल्या पावसाळ्यांत एका जुन्या मोटारीच्या रूपानें उभा राहिला. ही गाडी आमच्या घरीं पस्तीस वर्षें आहे. तिच्यांत आहे तसला कारबुरेटर नव्या मोटारींतून केव्हांच नाहींसा झाला. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली, तेव्हां आम्हांसहि आमच्या गाडीच्या वयाची आठवण झाली होती. पुढें ती विकावी असें ठरलें.

गाडीस मात्र एक खोड जडली होती. धांवत असतां तिच्याविषयीं तक्रारीस जागा नसे. परंतु चौकांत लाल दिवा लागून ती उभी राहिली कीं इंजिन थरथरूं लागे, त्याचा ताल चुके, आणि मागच्या वाहनांचे भोंगे सुरू होण्यापूर्वींच तें बंद पडे. आम्हीं ती एका कारागिराकडे नेली. त्यानें एक लहानसा स्क्रू पाव फेरा पिळला, थरथर थांबली. "आता खुशाल गिऱ्हाइकाला दाखवा," तो म्हणाला, "कुणाला काही कळायचं नाही."

त्यानें काय केलें तें सांगणें अवश्य आहे. पेट्रोलच्या इंजिनास एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. गाडी उभी असतां हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते व आंत येणारी हवा अगदीं थोडी असते. अशा वेळीं चिरलेल्या रबरी नळींतून किंवा झिजलेल्या गॅस्केटमधून चोरवाटेनें शिरलेली किंचित् हवाहि मिश्रणाचें प्रमाण बिघडविते. वेगांत तीच गळती एकंदर हवेच्या मानानें नगण्य ठरते. स्क्रू पिळल्यानें झडप थोडी उघडी राहते, इंजिन जरा जोरानें फिरतें, आणि दोष जेथल्या तेथें राहून त्याची खूण तेवढी पुसली जाते.

त्याच आठवड्याच्या रविवारीं एक तरुण शिक्षक गाडी पाहावयास येणार होते. रात्रीं जेवतांना आमच्या कन्येनें विचारलें, "बाबा, त्यांना हे सांगणार ना?" प्रश्न अडचणीचा असला म्हणजे सुशिक्षित मनुष्य पुस्तकाचा आश्रय करितो. आम्हींहि १८७२ चा करार कायदा काढला. त्याच्या सतराव्या कलमांत केवळ मौन हें सामान्यतः कपट नव्हे असें म्हटलें असून घोड्याचें उदाहरण दिलें आहे. आपला घोडा सदोष आहे हें ठाऊक असूनहि मालक तो लिलावांत विकतो आणि त्याविषयीं कांहींच बोलत नाहीं. हें कपट होत नाहीं. आम्हीं हें मोठ्या समाधानानें वाचून दाखविलें. परंतु लागलीच दुसरें उदाहरण आलें: घोडा घेणारी जर मालकाची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर तिला दोष सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. वाचणारे आम्ही आणि ऐकणारी आमचीच मुलगी! ती कांहीं बोलली नाहीं, आणि आम्हांसहि पुढें वाचवेना.

कायद्याचा हा भेद असमंजसपणाचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परका गिऱ्हाईक आपल्या डोळ्याकानांनीं पारख करितो, मुलगी विश्वासावर विसंबते. आणि प्रत्येक विक्रेत्यानें खरेदीदाराचें पालकत्व पत्करावें असें म्हटल्यास बाजार चालणार नाहीं. पण या सवलतीच्या मुळाशीं एक अट आहे. घेणाऱ्याच्या डोळ्याकानांस दिसण्याऐकण्याजोगें कांहीं उरलें पाहिजे. म्हणूनच तेंच कलम ठाऊक असलेली गोष्ट जाणूनबुजून लपविण्यास कपट म्हणतें. घोड्याचा मालक नुसता गप्प बसला होता; आम्ही मात्र लंगड्या घोड्यास घटकाभर सरळ चालण्याचें औषध पाजून बाजारांत उभा करीत होतों. आमचें मौन आम्हीं मोटारीवरहि लादलें होतें.

मग स्क्रू पिळणें हेंच पाप काय? तसेंहि नव्हे. दुसऱ्या दिवशीं आम्हीं एका वृद्ध मिस्त्रींस बोलाविलें. त्यांनीं प्रथम तो स्क्रू पूर्ववत् केला, व चालू इंजिनाच्या सांध्यांवर थोडथोडें पाणी शिंपडलें. एका ठिकाणीं पाणी पडतांच आवाज बदलला. गळती तेथेंच होती. गॅस्केट बदललें, कारबुरेटरचें बारीक छिद्र साफ केलें. थरथर पुष्कळ कमी झाली, पण गेली नाहीं. तेव्हां त्यांनीं चारी प्लगांच्या तारा एकेक करून काढून पाहिल्या. तीन वेळां इंजिन मंदावलें, चौथ्या वेळीं कांहींच फरक पडला नाहीं. म्हणजे तो सिलिंडर आपला वांटा उचलीतच नव्हता. प्लग व तार बदलूनहि तेंच. दाब मोजला, तो फारच कमी भरला. दुरुस्तीसाठीं इंजिनाचें डोकें उघडावें लागणार, आणि खर्च विक्रीच्या किंमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या घरांत जाणार. इतकें झाल्यावर मिस्त्रींनींहि तोच स्क्रू किंचित् पिळून वेग बसता केला. स्क्रू एकच, हाताची हालचालहि एकच; पण पहिल्यानें तो शोध टाळण्यासाठीं पिळला, दुसऱ्यानें शोध संपल्यावर. कृतीची नीति-अनीति पुष्कळदां कृतींत नसून ती कशाच्या जागीं केली गेली यांत असते.

रविवारीं आम्हीं त्या शिक्षकांस सर्व सांगितलें. त्यांनीं खर्च विचारला, कागदावर आकडेमोड केली, आमचे आभार मानिले आणि ते निघून गेले. ते पुन्हां आले नाहींत. सत्याचा मोबदला मिळतोच, असें म्हणण्याची सोय आम्हांस राहिली नाहीं. कदाचित् ती नसते म्हणूनच हा प्रश्न नीतीचा आहे, नाहीं तर तो नुसत्या हिशेबाचा झाला असता.

गाडी अद्याप आमच्याकडेच आहे, व तिच्यावर कन्या मोटार हांकावयास शिकत आहे. घोडा अखेर मुलीच्याच वांट्यास आला. त्याचा दोष मात्र तिला ठाऊक आहे.