कापऱ्या हाताची सही

पुण्यातल्या जुन्या घरांमधून अजूनही कधीतरी स्वाक्षऱ्यांची वही निघते. शाई विटलेली, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि मध्येच एका पानावर गांधीजींची सही. घरात आनंदीआनंद होतो. मग कोणीतरी विचारतं, ‘पण ही खरी कशावरून?’ त्याच्यावर सगळे चिडतात. मला मात्र तो माणूस त्या वहीचा खरा हितचिंतक वाटतो.

जाणकार आधी रेषा पाहतात. स्वतःचं नाव लिहिणारा हात थबकत नाही. तो वेगात जातो, दाब कमीजास्त होतो, शेवटचा फराटा निमुळता होत जातो. नक्कल करणारा सहीचं चित्र काढत असतो. त्यामुळे त्याची रेषा सगळीकडे सारख्याच जाडीची येते, नको तिथे पेन उचललेलं असतं, वळणावर कंप दिसतो. भिंगाखाली हे कळतं. रबरी शिक्क्याची सही असेल तर कडेला साचलेली शाईही दिसते.

पण हीच कसोटी ससून रुग्णालयातल्या एका सहीला लावून पाहा. १२ जानेवारी १९२४ ची रात्र. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे तिथे आणलेलं होतं. शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक करणार होते. कैदी गांधी आणि डॉक्टर सरकारी. काही बरंवाईट झालं असतं तर देश पेटला असता. म्हणून संमतीचं निवेदन तयार झालं. नेमस्त पुढारी व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री तिथे हजर होते. गांधीजींनी गुडघे वर घेऊन पेन्सिलीने सही केली आणि आपला हात किती थरथरतोय हे मॅडॉकना स्वतःच दाखवलं. ती सही कागदापासून सुटून बाजारात आली असती, तर कंप पाहून कोणीही तिला खोटी ठरवलं असतं. तिच्या बाजूने आज बोलते ती शास्त्रींनी लिहून ठेवलेली हकिगत.

गांधीजींचा उजवा हात थकला की ते डाव्याने लिहीत. १९०९ मध्ये जहाजावर ‘हिंद स्वराज’ची कितीतरी पानं त्यांनी तशीच लिहिली. सही मागणाऱ्यांकडून ते हरिजन फंडासाठी पाच रुपये घेत, म्हणजे सह्याही पुष्कळ झाल्या. मग ताडून पाहायची ती कोणत्या सहीशी?

आणि नमुनाच खोटा असेल तर? १९८३ मध्ये जर्मनीच्या ‘श्टर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या हाती लागल्याचं जाहीर केलं. हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या खऱ्या असल्याचा निर्वाळा दिला होता, पण त्यांच्यापुढे तुलनेसाठी ठेवलेल्या कागदांतले काही रोजनिश्या लिहिणाऱ्या भामट्यानेच, कोन्राड कुयाऊनेच, लिहिलेले होते. शेवटी बिंग फोडलं ते महायुद्धानंतर वापरात आलेल्या, कागदातल्या एका रसायनाने.

पुण्याला ही शिस्त नवी नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेव्हापासून इथे जुने कागद पारखले जाताहेत. शिवकालीन पत्राचा मजकूर बहुधा कारकुनाच्या हातचा, त्यामुळे नुसत्या अक्षरावर भागत नाही. वरचा शिक्का, अखेरचं ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब, मायना, कालगणना, सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. १६७४ च्या आधीच्या पत्रात राज्याभिषेक शक आला की अक्षर कितीही जुनं दिसो, कागद बाद. घरच्या संग्रहालाही हेच लागू आहे. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. त्यांच्या सहीचं पुस्तक जुन्या बाजारात दिसलं, तर सहीवर भाळण्याआधी आवृत्तीचं साल पाहावं.

एवढं करूनही शंका उरेल. उरू द्यावी. वही जपावी, मात्र विकताना किंवा संस्थेला देताना ती शंका सोबत लिहून द्यावी. ती लपवणं ही फसवणूकच आहे, मग सही पुढे खरी निघाली तरी.

आणि सही घेताना हजर असलेलं कोणी तुमच्या घरात असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा. कुठे, कधी, कोणाच्या ओळखीने सही मिळाली, तेव्हा सोबत कोण होतं, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख घाला आणि तो कागद वहीतच ठेवा.