सावलीची वाटणी

एबनेझर हॉवर्ड हा कारकून होता, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवस ठाऊक नव्हती. लंडनच्या कचेऱ्यांत कारकुनी आणि पुढे पार्लमेंटातील भाषणांचे लघुलेखन, यांवर त्याने संसार चालविला. आणि १८९८ साली एक लहानसे पुस्तक लिहून उद्याननगरीची कल्पना जगापुढे मांडली. ६,००० एकर जमीन. त्यांपैकी १,००० एकरांत नगर, उरलेल्या जमिनीवर शेते, कुरणे व राने. वस्ती एकंदर ३२,००० माणसांची. १९०३ साली लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ येथे प्रत्यक्ष आरंभही झाला. जन्मभर दुसऱ्यांची भाषणे टिपून घेणाऱ्या या समव्यवसायी गृहस्थाविषयी आम्हांस थोडी अधिक आपुलकी वाटली, तर वाचकांनी क्षमा करावी.

परंतु त्याच्या योजनेचे मर्म केवळ झाडांत नव्हते. जमीन सर्व नगराच्या वतीने विश्वस्तांनी सांभाळावी, वस्तीमुळे तिचे जे मोल वाढेल ते नगराच्याच कामी यावे, हे ते मर्म. जगाने झाडे उचलली. विश्वस्तपणा तेवढा मागे राहिला.

लेचवर्थची आखणी करणाऱ्यांपैकी रेमंड अन्विन याने १९१२ साली एक हिशेब मांडला. घरांच्या रांगा जितक्या जवळ जवळ, तितके रस्ते अधिक. आणि रस्ता पैसाही खातो, जमीनही खातो. एकरी बाराच घरे कडेकडेने बसवून मधली जागा सर्वांसाठी मोकळी सोडली, तर प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च थोडा वाढतो खरा, पण वाट्यास येणारी भूमी कितीतरी अधिक. जमिनीचा उतार आणि उभी झाडे आधी पाहावी, रेघ मागाहून ओढावी, हाही त्याचा आग्रह. या हिशेबात विरळ वस्ती म्हणजे प्रत्येकास स्वतंत्र कुंपण नव्हे. येथेच पुढच्या सर्व घोटाळ्याचे मूळ आहे, असे आम्हांस वाटते.

आम्ही राहतो त्या दिल्लीत हिरव्या वस्तीची ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदली. एक, इंग्रजांनी नव्या राजधानीत बांधलेले बंगले. कडुलिंब, जांभूळ, अर्जुन यांच्या रांगांनी सजलेले रस्ते, आणि राहणाऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे लहानमोठी होत जाणारी आवारे! दुसरे, स्वातंत्र्यानंतर नोकरवर्गासाठी वसविलेल्या सरोजिनीनगरासारख्या वसाहती: गवताळ चौकाभोवती बसकी क्वार्टरे, आणि चौकात सर्वांच्या मालकीचा, म्हणजे कोणाच्याच मालकीचा नसलेला, एखादा कडुलिंब. त्याच्याखाली हिवाळ्याच्या उन्हात संत्री सोलली गेली, स्वेटर विणले गेले, तमिळ शेजारणीस पुरणपोळीची कृती सांगितली गेली.

बंगल्यांचे रूप राखण्यासाठी १९८८ साली हद्द आखून निर्बंध घालण्यात आले. चौकांच्या वाट्यास निराळे भवितव्य आले. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सात वसाहती नव्याने बांधण्याचे ठरविले. १२,९७० घरांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे. २०१८ च्या जूनमध्ये लोक झाडांना कवटाळून उभे राहिले व प्रकरण उच्च न्यायालयात गेले. गर्दीला जागा करून द्यावयाची ती आधी पुष्कळांच्या चौकाने, थोडक्यांच्या आवाराने नव्हे, हा क्रम कोणत्या न्यायाने लागला, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

तथापि स्वतःस वगळून न्याय मागणे बरे नव्हे. आम्ही नऊ वर्षे क्वार्टरांच्या प्रतीक्षायादीत होतो. त्या काळात कोणी विचारले असते की कडुलिंब हवा की दोन खोल्या, तर आम्ही वाक्य पुरे होऊ न देता खोल्या म्हटले असतो. पुढे खोल्या मिळाल्या, खिडकीत कडुलिंबही मिळाला. आणि तिसऱ्याच महिन्यात आमच्या वसाहतीतील झाडे तोडू नयेत अशा अर्जावर आम्ही सही केली. झाडाचे प्रेम खोटे नव्हते. पण ते सुचले केव्हा, हेही खरेच आहे. पूर्वीचे आम्ही आणि नंतरचे आम्ही यांत अधिक प्रामाणिक कोण, याचा निर्णय करावयास बसलो की दोन्ही बाजूंचे वकीलपत्र आमच्याच हाती येते.

आमच्या शाखेतील एक तरुण सहकारी रोज पहाटेच्या गाडीने सोनीपतहून येतो. यादीत त्याचे नाव अद्याप बरेच खाली आहे. तो अर्ज दुपारी डब्याच्या वेळी मेजावरून मेजावर फिरला. त्याच्या मेजाशी येताच आम्ही तो उचलून पुढच्या मेजावर ठेवला.