वाराही हिशेबात धरा

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारं विमान साधारण 12,500 किलोमीटर अंतर कापतं. जायला 16 तासांच्या आसपास लागतात. यायला मात्र तास-दीड तास कमी. लेकीकडे, मुलाकडे जाऊन आलेल्या आजी-आजोबांच्या तिकिटावर हे छापलेलं असतं. पण घड्याळ साडेनऊ-साडेदहा तास मागं-पुढं करण्याच्या गडबडीत त्याकडे लक्ष जात नाही. दोन्ही विमानतळ तर आपापल्या जागीच आहेत. मग वेळ कुठे वाढतो?

वाढतो तो वाऱ्यात. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. हिवाळ्यात तर फारच. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. कधी कधी तो पाठीशी मिळावा म्हणून विमान मुद्दाम थोडी लांबची वाटही धरतं. फेब्रुवारी 2020 मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान अशाच वाऱ्यावर पाच तासांच्या आत लंडनला पोचलं. एरवी तिथे सहा-सात तास लागतात. त्या रात्री वैमानिकानं काही जास्त मेहनत घेतली होती, असं नाही.

मला आवडतं ते विमानवाल्यांचं वेळापत्रक. समोरचा वारा त्यात आधीच धरलेला असतो. धावपट्टीच्या रांगेत थांबण्याचा वेळही धरलेला असतो. इंधनसुद्धा जेमतेम पुरेल एवढंच भरत नाहीत. उतरायला जागा मिळाली नाही तर दुसऱ्या विमानतळावर जाता यावं आणि तिथेही अर्धा तास घिरट्या घालता याव्यात, एवढं ते शिल्लक ठेवतात. आपण घरी असं काही धरत नाही. डबा तोच, लोकल तीच, म्हणजे रोज तेवढाच वेळ लागला पाहिजे, असा आपला हट्ट. पण रात्री झोप झालेली नसते. सासूबाईंच्या औषधाची चिठ्ठी सापडत नाही. बाहेर पाऊस असतो. काहीच नसलं तरी मनात काहीतरी घोळत असतं. वीस मिनिटं जातात आणि आपण स्वतःवर चिडतो. मग घरातल्या कुणाला तरी उगाच तिरकं बोलतो. दुसऱ्याला उशीर झाला की आपण तर फक्त अंतरच मोजतो. ‘ठाण्याहून यायला एवढा वेळ?’ वाटेत त्याच्या समोर काय आलं, हे कुणी विचारत नाही.

आज कुणाला वेळ सांगाल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं जास्तीची सांगून टाका. लवकर पोचलात तर चहा होईल. आणि कुणी धापा टाकत उशिरा आलंच, तर घड्याळाकडे बघण्याआधी त्याला बसायला सांगा, पाणी द्या.