उशिराची चिठ्ठी

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये पत्ता सांगताना लोक आजही आधी बॅरेकचा नंबर सांगतात. लालचक्कीपासून मराठा सेक्शनपर्यंत इमारती बदलल्या, हा शब्द टिकला. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी उभारलेल्या या छावणीत फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं राहिली. बोलणी फिसकटली की त्याचा हिशोब कुणाच्या दारात येतो, हे या गावाला कुणी शिकवायला नको.

मला मात्र इथे पानिपत आठवतं. १७६० च्या पावसाळ्यात दिल्ली मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या हाती होती आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्यामार्फत अफगाण बादशहा अब्दालीशी बोलणी चालली होती. तेव्हा मराठ्यांना 'नाही' म्हणता येत होतं, म्हणून त्यांच्या 'हो'ला वजन होतं. ऑक्टोबरात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि उत्तरेला गेलेल्या मराठ्यांची दिल्लीची वाट अडली. डिसेंबरात मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली. लढवय्यांबरोबर आलेले यात्रेकरू आणि बायका-मुलंही उपाशी राहू लागली. अब्दालीचा वजीर शहावलीखान तहाला अनुकूल होता. अब्दालीच्या बाजूचा नजीबखान रोहिला आडवा आला, कारण मराठे पुन्हा सावरले तर पहिला घाव त्याच्यावरच बसणार होता. छावणीतली भूक त्याला दिसत होती. मग त्याने घाई का करावी?

लढाईच्या आदल्या रात्री काशीराजाच्या हाती भाऊंची चिठ्ठी पडली. हा शुजाच्या पदरचा माणूस दोन्हीकडचे निरोप नेत असे. पुढे त्यानेच फारसीत ही हकीकत लिहून ठेवली. पेला काठोकाठ भरला आहे, काय ते आत्ताच कळवा, असा चिठ्ठीचा आशय. काशीराज ती घेऊन शुजाकडे गेला, तोवर मराठे छावणीबाहेर पडत असल्याची खबर आली. उजाडलं ते १४ जानेवारी १७६१.

नजीबला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण कणगीत दाणा असतानाच तह करायचा असतो, हा धडा तसाच राहतो. उपाशी माणसाच्या बोलण्याला विनवणी म्हणतात. घाईतला निर्णयही तितकाच महाग पडतो. ३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि अडीच महिन्यांच्या आत ती अमलात आली. त्याची किंमत या बॅरेकींनी मोजली.

म्हणून युद्धाची भाषा कानावर आली, की टाळी वाजवण्याआधी एवढं विचारा: बोलायची वेळ होती तेव्हा आपण बोललो का?