वासराचा वाटा

शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय ३३, वचनें १२ ते १७



वीस वर्षांनंतर एसाव व याकोब भेटले, तेव्हां आपण बरोबरच पुढें जाऊं असें एसावानें सुचविलें. त्याच्याबरोबर चारशें माणसें होतीं. त्याची चाल वेगाची. परंतु याकोबाच्या पदरीं कोवळीं मुलें व पाजतीं गुरें होतीं. तीं एका दिवसाच्या घाईनेंहि दगावतील हें जाणून त्यानें त्यांच्याच चालीनें चालणें पसंत केलें.

वैनगंगेकांठच्या आपल्या भंडारा जिल्ह्यांत ज्याच्या दावणीला एक-दोन गाई आहेत, त्यानें हा पाठ आपल्याच गोठ्यासाठीं आहे असें समजावें. गाय व्याली कीं खरवस करून शेजाऱ्यांस वांटावा असें वाटतें. वांटणें चांगलें, परंतु तो चीक प्रथम कोणाचा? रोगाशीं झुंजण्याचें बळ वासराला आईच्या उदरांत मिळत नाहीं. तें चिकांतूनच मिळतें, आणि एक दिवस उलटला म्हणजे त्याचें आंतडें तें शोषून घेईनासें होतें. म्हणून वार पडण्याची वाट न पाहतां तासा-दोन तासांतच चीक पाजावा. पहिल्या दिवसांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे वीस किलोच्या वासराला दोन किलो, चीक पोटांत जावा. आपण दशांशाविषयीं पुष्कळ बोलतों. वासराचाहि एक दशांश आहे.

पुढें मोह अधिक सूक्ष्म होतो. दुधाचें माप भरावयाचें असतें, मुलांची फी द्यावयाची असते. वासरूं पान्हा सुटण्यापुरतें लावून ओढून बांधलें जातें, आणि हात शेवटच्या सडाकडेहि जातो. कालवड असेल तर थोडी दया येते. गोऱ्हा असेल तर, नांगराच्या जागीं ट्रॅक्टर आल्यापासून, त्याची उपासमार कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. बंधूंनो, आम्हीहि हें केलें आहे, आणि तेच हात जेवणापूर्वीं प्रार्थनेसाठीं जोडले आहेत.

मग मातेची काय कथा? धानाचें तणीस आपल्याकडे पुष्कळ, परंतु त्यांत कस थोडा. फारोनें पेंढा न देतां विटा मागितल्या. आपण नुसता पेंढा देऊन दूध मागतों. तिला हिरवा चारा, थोडा कोंडा व ढेप, मीठ आणि स्वच्छ पाणी मिळालें पाहिजे.

निर्गम, अध्याय २२, वचन ३० पाहा. प्रथम जन्मलेलें वासरूं देवाचें. तरी तें सात दिवस आईजवळ राहावें व आठव्या दिवशीं अर्पावें, असा नियम होता. ज्याचें सर्व कांहीं आहे, तो प्रभु आपला वाटा घेण्यापूर्वीं वासराला आईचें दूध पिऊं देतो. मग आपल्याला एवढी घाई कां?

याकोबानें सुक्कोथ येथें स्वतःसाठीं घर व गुरांसाठीं खोपट्या बांधल्या. त्या ठिकाणाला नांव मिळालें तें मात्र खोपट्यांवरून. आपल्याहि घराची साक्ष गोठ्यावरून होवो. उद्यां सकाळीं धार काढतांना एक सड वासरासाठीं राखून ठेवा, आणि मग प्रार्थनेस बसा. आमेन.