पाहणे आणि भेटणे

प्रवास माणसाला उदार करतो, असे आपण सहज म्हणतो. पण कोणता प्रवास? पुष्कळ पाहून घरी परतलेला मनुष्य कोणालाही न भेटता परतला असेल, तर त्याच्या पदरी नेमके काय पडले? एका रमणीय वाटेच्या निमित्ताने आम्ही हा प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दक्षिण आफ्रिकेत मॉसेल बेपासून स्टॉर्म्स रिव्हरपर्यंतच्या किनारपट्टीला ‘गार्डन रूट’ म्हणतात. एका बाजूस हिंदी महासागर, दुसऱ्या बाजूस पर्वतांच्या रांगा आणि मध्ये सरोवरे व जुनी अरण्ये. पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या तरुणांना या वाटेची मोठी ओढ. १९९० नंतरच्या दशकात त्यांच्यासाठी ‘बाझ बस’ सुरू झाली आणि अनेक वर्षे धावली. एकदा तिकीट काढावे, मन रमेल तेथे उतरावे, चार दिवसांनी दुसऱ्या गाडीने पुढे जावे. गाडी एका वसतिगृहाच्या दारातून घेई आणि दुसऱ्याच्या दारात सोडी.

या तरुणांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत निजणे, एकाच स्वयंपाकघरात पाळीपाळीने रांधणे, यात साधेपणाचे शिक्षण आहे. परमुलखात रात्री सुरक्षित दार हवे, हेही रास्तच. मात्र दारापासून दारापर्यंत जाणाऱ्याला मधले गाव लागत नाही.

आणि इतिहास तर त्या मधल्या गावातच आहे. १९५० च्या कायद्याने त्या देशात वंशानुसार वस्त्या वेगळ्या करण्यात आल्या. १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक जागा वाटल्या गेल्या. समुद्रकिनारेही त्यातून सुटले नाहीत. १९९० व १९९१ मध्ये हे कायदे रद्द झाले, पण जमिनीवरची रेघ इतक्या लवकर पुसली जात नाही. नाइस्ना गावी सरोवराकाठी पर्यटकांची वर्दळ, तर गरिबांची दाट वस्ती मागच्या टेकड्यांवर. तेथील माणसे खच्चून भरलेल्या सामायिक टॅक्सीने कामावर जातात. भाड्याचे पैसे मागच्या हातातून पुढच्या हातात देत देत चालकापर्यंत पोहोचतात.

ज्या वाळूवरून कालपर्यंत कोणाला हाकलले जात होते, तेथे आज पहुडणारा प्रवासी दोषी आहे काय? आमच्या मते दोषी नाही. ऋणी मात्र आहे. दोष कृत्याचा असतो, ऋण लाभाचे असते. हे ऋण टेकडीवर जाऊन गरिबीची छायाचित्रे काढल्याने फिटत नाही. तेही पाहणेच झाले. भेटण्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि समोरच्याने आपल्यालाही प्रश्न विचारावेत, यास राजी व्हावे लागते. एक प्रेक्षणीय स्थळ कमी करून त्या टॅक्सीत बसावे. एखाद्या वृद्धाला आदराने विचारावे, “लहानपणी आपण कोणत्या किनाऱ्यावर जात होता?” उत्तर ऐकल्यावर तोच समुद्र निराळा दिसेल.

मॉसेल बे येथे एक प्राचीन वृक्ष आहे. १५०१ साली हिंदुस्थानकडे निघालेल्या जुआंव द नोव्हा या पोर्तुगीज कप्तानाला, आधी येऊन गेलेल्या दर्यावर्द्याने पादत्राणात ठेवलेले पत्र तेथे मिळाले, अशी हकिकत सांगतात. आज त्या झाडापाशी बुटाच्या आकाराची टपालपेटी आहे. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाची काळजी वाहून कोणी तरी चार ओळी ठेवून गेला. प्रवाशाने वाटेवरून काय नेले, हे सारेच विचारतात. त्याने मागे काय ठेवले, हे त्याने स्वतःला विचारावे.