मेंगाई आईच्या पायाशी

आई मेंगाई, तोरण्यावरून साऱ्या वेल्ह्यावर तुझी नजर आहे. गडाच्या पायथ्याशी मी लोकांची लघवी तपासते. हे काम सोवळ्यातले नाही, पण ते करताना तुझे नाव घ्यायला मला कधी संकोच वाटला नाही. देहातली ही व्यवस्था तूच लावलीस.

दोन मूत्रपिंडे दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटरच बाहेर सोडतात; बाकीचे कामाचे म्हणून परत घेतात. बाहेर येते त्यात शंभरात पंचाण्णव भाग पाणीच. उरलेल्यात युरिया, क्रिएटिनिन, युरिक आम्ल, क्षार आणि जुन्या रक्तपेशी मोडून तयार झालेला पिवळा रंग. साखर आणि प्रथिने मात्र तू आत राखतेस. म्हणून ती बाहेर दिसली की मी थबकते.

आई, तपासताना माझी घाई होऊ देऊ नकोस. पट्टी बुडवली की साखरेचा चौकोन तीस सेकंदांनी वाचायचा, प्रथिनांचा साठ सेकंदांनी, पूपेशींचा दोन मिनिटांनी. दारात रांग असते, एसटीची वेळ झालेली असते, तरी ती दोन मिनिटे मला पाळू दे. पट्ट्या संपल्या तर जुनी रीत आहेच. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, वरचा भाग ज्योतीवर तापवायचा, गढूळ झाले तर ॲसेटिक आम्लाचे थेंब सोडायचे. फॉस्फेटचा गढूळपणा विरतो, प्रथिनांचा तसाच राहतो. तो राहिला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण नळीवरचे नाव बहुतेक वेळा सात-आठ महिन्यांच्या गरोदर लेकीचे असते.

तिच्यासाठीच आज हात जोडलेत. केळद, पासली, घिसरकडच्या आणि पलीकडे भोरच्या हिर्डोशी खोऱ्यातल्या बाया भातलावणीला दिवस दिवस चिखलात वाकलेल्या असतात. आडोसा नाही म्हणून पाणी पीत नाहीत. उन्हाळी लागली तर धण्या-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढतात. जंतू मात्र तेवढ्याने हटत नाहीत; मूत्रपिंडापर्यंत चढतात, आणि पोटुशीला दिवस भरण्याआधीच कळा येऊ शकतात. पाय सुजले तर चिखलामुळे, डोके दुखले तर पावसामुळे, असे घरात ठरून जाते. रक्तदाब १४०/९० वर गेला आहे आणि लघवीतून प्रथिने जाताहेत, हे तपासल्याशिवाय कळणार कसे? मग एखाद्या रात्री तिला आकडी येते आणि लोक म्हणतात, बाहेरचे काही झाले. आई, तुझा अंगारा तिच्या कपाळी असू दे; पण तो लावणाऱ्या हाताला आधी १०८ ला फोन करायची बुद्धी दे.

म्हाताऱ्यांनाही सुबुद्धी दे. लघवीला मुंग्या लागल्या की मधुमेह, हे त्यांना ठाऊक आहे. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत सहसा उतरत नाही. मुंग्यांची वाट पाहण्यात वर्षे जातात.

आणि लाज, आई, ती तेवढी काढून घे. पदराआड बाटली लपवून बाई कोपऱ्यात उभी राहते, नाव पुकारले तरी पुढे येत नाही. पहिली धार सोडून मधली धरायची, हे सांगताना मीही आवाज खाली आणते, तिला कानकोंडे होऊ नये म्हणून. लांबून येणारीने घरून बाटली भरून आणली तर घाटरस्त्याने पोचेपर्यंत त्यात जंतू वाढतात, पेशी फुटतात; तेव्हा इथे येऊनच द्यावी. त्यासाठी दवाखान्यात स्वच्छ, कडी लागणारे, पाणी असलेले संडास हवेत. ते ज्यांच्या हाती आहे त्यांच्या मनात येऊन बस.

२०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. लावणीच्या ऐन दिवसांत ती तारीख आली की रांग आखडते. आई, घराघरातल्या सासवांना तू सांग, तुझे त्या ऐकतील: नऊ तारखेला सुनेला चिखलातून मोकळी करा आणि दवाखान्यात पाठवा.